मनकर्णाबाईची सही

मनकर्णाबाई माही थोरली जाऊ. अनसिंगच्या शिवारात तिनं एखादं वांग्याचं रोप चांगलं म्हटलं का दहा घरच्या बाया डोळे मिटून तेच लावतात. हे हेरूनच अमरदीप सर आमच्या मळ्यात आले असतील. कुठल्याशा कॉलेजात ते संशोधन करत. फवारायचं नवं औषध होतं त्यायचं. वांग्याच्या सोळा ओळी. आठ ओळींवर फवारा, आठ बिनफवाऱ्याच्या. पाणी, खत सगळं सारखं. मग कोणीकडे किती माल निघते ते तोलायचं.

अन् इथंच बाईनं घोळ घातला.

"वैजयंती, पंगतीत आठ जणायले वाढायचं अन् आठ जणायले नुसतं पाहत बसवायचं? मले नाई पाहवत," म्हणे. सर नसताना तिनं त्या बिनफवाऱ्याच्या ओळींच्या बुडाशी चांगलं पाटीपाटीनं लेंडीखत टाकलं.

तोडा झाला, तोललं, तर दोनीकडे माल सारखाच! सरांचं तोंड उतरलं. मनकर्णाबाईनं तिथंच सांगून टाकलं, "सर, चूक माही हाये. मी त्या ओळींले जास्तीचं खत टाकलं."

मले वाटलं, आता हा माणूस भडकते. तो तर खूश झाला, बापा! "मग बरोबर आहे," म्हणे, "तुम्ही खत टाकलं नसतं तर तिकडे तीस टक्के कमीच आलं असतं. तेवढं मी कमी करून लिहितो." बांधावर बसल्याबसल्या त्यानं आकडे बदलले. खताचं नाव नाई कुठं! वरून म्हणे, शिवारफेरीले गावोगावचे शेतकरी येतील, तुम्ही या कागदावर सही करा अन् दोन शब्द बोला.

शिवारफेरीच्या दिवशी मांडव पडला. पाटीवर आमच्या बाईचा हा मोठा फोटो. ती उठली, पदर खोचला, माईक घेतला.

"वांगे दोनीकडे सारखे निघाले. मी चोरून खत टाकलं, म्हणून ह्या वक्ताचं तोलणं बाद. चूक माही. पण तीस टक्क्याचा आकडा माहा नाई, वांग्याचा नाई, तो सरांच्या डोक्यातला हाये. माह्या भरवशावर कोणी हे औषध घेऊ नका. मी सही करत नाई!"

सर दबक्या आवाजात म्हणाले, "अहो काकू, तुम्हाला यातलं कळत नाही."

"मले तोलणं कळते," ती माईकवरच बोलली.

त्याच दुपारी पाटी निघाली. सर गेले, औषधाच्या दोन बाटल्या तेवढ्या कोठ्यात राह्यल्या. गावात चार लोकं म्हणाले, बाईले काही अक्कल हाये का, चांगलं नाव होऊन राह्यलं होतं. मी त्यायले जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाई.

दुसऱ्या हंगामात तिनं पुन्हा सोळा ओळी लावल्या. ह्या खेपेले खत सगळ्यायले सारखं, मोजून. आठ ओळींवर त्याच बाटल्यांतला फवारा. दर तोड्याले दहा घरच्या बाया काट्यापाशी उभ्या, मी वहीत वजन लिवत. शेवटी बेरीज केली तर काय! फवाऱ्याकडे शंभर किलोमागं सहा किलो जास्त.

बाई म्हणे, हे सरांले कळवू. माहं टाळकंच सरकलं. "कायले कळवता त्या माणसाले? फेका ती वही चुलीत!"

मनकर्णाबाईनं वही माह्यापुढं सरकवली.

"त्यानं खोटं लिवलं म्हणून आपणई लिवावं काय? घे पेन. तीस नाई, सहा. अन् मागल्या वक्ताचं माहं खतई लिव. एकाच हंगामाचं हाये, अजून एकदा लावून पाहा म्हणा."

मी लिवलं, रागारागानं. मग तिनं कागद मांडीवर घेतला. पन्नाशीत सही शिकलेली बाई, एकेका अक्षराले वेळ लागते तिले. मी उभीच होते. तिनं सबंध नाव लिवलं, वाचून पाह्यलं, अन् म्हणाली, "आता केली मी सही."