माझी बास्टलर

हे सांगणं म्हणजे स्वतःच्याच थोबाडीत मारून घेणं आहे. पण तुम्ही चहा पाजताय, म्हणून सांगतो. मध्ये हसायचं नाही. हसलात तर अर्धा कप टाकून उठून जाईन!

मी सव्वीस वर्षं रोह्याच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होतो. राहायला पेणला. म्हणजे सव्वीस वर्षं कंपनीच्या बसमधून पेण-रोहा, रोहा-पेण. गडब गावाच्या पुढे बस अशी आपटायची की डब्यातली आमटी झाकण ढकलून बाहेर यायची. तेव्हाच ठरवलं होतं, रिटायर झालो की एकदा तरी गुळगुळीत रस्त्यावर गाडी सुसाट सोडायची. आणि गाडी कसली? स्पोर्ट्स कार! जुनी चालेल, पण स्पोर्ट्स कार!

माझी भाची सायली जर्मनीत असते. ती म्हणाली, "मामा, तुम्ही आणि मामी या ना. भाड्याने छोटी गाडी घेऊ, आल्प्समध्ये फिरू."

भाड्याने? डोकंच फिरलं माझं. म्हटलं, "गाडी आपली पाहिजे. फिरायचं आणि येताना विकून टाकायची. कागद तुझ्या नावावर करू. गाडी मी शोधतो. तू मध्ये पडायचं नाही!"

आणि शोधली की! निळी, बुटकी, डोळे वटारल्यासारखे दिवे. जाहिरात जर्मन भाषेत, पण फोनने ती मराठीत करून दिली. 'ताकदवान इंजिन. चामड्याच्या सीट. प्रेमळ हातांच्या शोधात.' वाचून मला तर भरूनच आलं. फक्त वरचा एक लांबलचक शब्द फोनने तसाच ठेवला. 'बास्टलर' आणि पुढे शेपटासारखं काहीतरी. आता तुम्हीच सांगा, फोन ज्याचं भाषांतर करत नाही, ते नावच असणार ना? तुमच्या नावाचं कोणी भाषांतर करतं का?

तरी खात्री करावी म्हणून रोह्याला मधूकडे गेलो. मधूचं तिथे गॅरेज आहे, आमची जुनी दोस्ती. म्हटलं, "मधू, बास्टलर माहीत आहे?"

पठ्ठ्याने पापणीसुद्धा हलवली नाही. "बास्टलर? व्हय तर! लय पळते. पन आपल्याकडं येत नाय ती."

"आणि मेंटेनन्स?"

"हात लावायची गरज नाय, नाना!"

बघा! धडधडीत बघा! ठाऊक नाही म्हणायला याच्या जिभेला काय झालं होतं? पण तेव्हा मी खूश. पेणभर सांगत सुटलो, साधी नाही, बास्टलर घेतोय. लोकही माना डोलवायचे. "बास्टलर काय! मग प्रश्नच नाय!"

गाडीचा मालक वेर्नर नावाचा म्हातारा. त्याच्याशी फोनवरच लिहालिही सुरू झाली; मी मराठीत, तो जर्मनमध्ये, मधलं भाषांतर फोनचं. त्याने विचारलं, "तुम्हाला नक्की बास्टलरच हवी ना?"

मी लिहिलं, "फक्त बास्टलर. दुसरी फुकट दिली तरी नको."

"तुम्हाला अनुभव आहे?"

अनुभव! मला विचारतो! लिहिलं, "सव्वीस वर्षं मेंटेनन्स."

लगेच तीन आनंदी चेहरे आले. मग म्हणतो, "न्यायला ट्रेलर आणणार का?"

हा मला समजतो कोण? "ट्रेलर कशाला? स्वतः चालवत नेणार!"

यावर हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे आले आणि खाली, 'तुम्ही फार विनोदी आहात.' मला वाटलं, माणूस मोकळा दिसतोय. पैसे पाठवून दिले.

आमच्या सुलभाने तेवढ्यात टोकलंच. "अहो, सायलीला एकदा दाखवा तरी."

"नाही! सरप्राइज आहे."

"मग निदान त्याला विचारा, गाडी चालू हाय ना?"

"सुलभा! बास्टलरबद्दल असं विचारतात का कुणी?"

पोहोचलो जर्मनीत. दुसऱ्याच दिवशी सायलीला घेऊन वेर्नरच्या गावी. त्याने शेडचं दार उघडलं. गाडी होती. निळीच होती. चार लोखंडी स्टँडवर उभी होती. चाकं भिंतीला टेकवलेली आणि इंजिन शेजारच्या टेबलावर, पुसूनबिसून, मांडून ठेवलेलं. वेर्नरने माझा हात घट्ट दाबला आणि इस्त्री केलेला, मेकॅनिक घालतात तसला निळा डांगरीचा सूट माझ्या हातात ठेवला.

मी म्हटलं, "सायली, हे काय आहे?"

ती त्याच्याशी बोलली. मग तोंडावर हात ठेवून खालीच बसली. "मामा, बास्टलर हे गाडीचं नाव नाही हो! बास्टलर म्हणजे घरी खटपट करत बसणारा हौशी माणूस. ही त्याच्यासाठीची गाडी. म्हणजे बंद पडलेली!"

"फसवणूक आहे ही!" मी ओरडलो. "पोलिसांना बोलव!"

वेर्नर जराही चिडला नाही. त्याने चष्मा लावला, फोन काढला आणि माझेच निरोप एकेक करून मोठ्याने वाचले. सायलीने प्रत्येकाचं मराठी केलं. 'दुसरी फुकट दिली तरी नको' आलं, तेव्हा सुलभा उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसून पदराने डोळे पुसत होती. रडत नव्हती ती!

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? मुकाट भाड्याची गाडी घेतली असती. पण सव्वीस वर्षं मेंटेनन्स! म्हटलं, "दोन दिवसांत चालू करून दाखवतो."

"तुम्ही दाखवा," सुलभा म्हणाली. "आम्ही दोघी चाललो."

आणि गेल्या की खरंच! रेल्वेने! तिथून फोटो येत राहिले. सुलभा बर्फात, सुलभा होडीत, सुलभा आइस्क्रीम खाताना. आणि मी? बरोबर आठला शेडमध्ये. बाराला जेवण. तीनला कॉफी. पुन्हा शिफ्टच की ही! त्या म्हाताऱ्याला मराठी येत नव्हतं आणि मला जर्मन, पण पाना हवा म्हटलं की बरोबर त्याच मापाचा हातात ठेवायचा. खोटं कशाला बोलू, माणूस सोन्यासारखा.

नवव्या दिवशी इंजिन गरजलं! वेर्नरने मला मिठी मारली. मी ऐटीत आत बसलो, गिअर टाकला. गाडी शेडमधून निघाली, अंगणातून गेली आणि फाटकाशी कायमची थांबली. झाला माझा युरोपातला ड्रायव्हिंगचा दौरा! दोघांनी ढकलत परत आत नेली. शेवटी वेर्नरनेच ती ठेवून घेतली आणि पैसेही परत दिले. वर म्हणतो, पुढच्या वर्षी नक्की या, गिअरबॉक्स बाकी आहे!

सुलभाचे तिकडचे चारशे फोटो आहेत. माझा एकच. ती फिरून परत आली तेव्हा शेडच्या दारातून काढला आणि तिथूनच नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, खाली नुसतं 'जर्मनी' असं लिहून. फोटोत गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय. बस्स! तोंड नाही, डोंगर नाही, काही नाही. पेण-रोह्याची पन्नास माणसं त्या ग्रुपवर. कोणीतरी विचारावं ना, हे पाय कोणाचे?

एकानेही विचारलं नाही हो! सगळ्यांनी ओळखले!