चेकसाहेबाचा सेट

आमच्या चौघांनी जमवलेल्या विलायती काचेतली निम्मी फुटली आणि उरलेली निम्मी आमच्या बायकांनी माळ्यावर टाकली. किस्से मात्र एकही फुटत नाही! उलट दर दिवाळीला दोन वाढतात. परवा एकानं विचारलं, "तुमचा संग्रह केवढा आहे हो?" मी म्हटलं, "दाखवायला बसलो तर पाच मिनिटं, सांगायला बसलो तर जेवूनच जा."

हे सगळं सत्तरच्या दशकातलं. सांगलीत माझं चष्म्याचं दुकान. भिंग माझ्याकडे, म्हणून मी या मंडळात. नेमूअण्णा हळदीचे व्यापारी, जैन, घरचे सुखी, पैसा त्यांचा. सुभेदार जगताप रहिमतपूरचे, लढाईत इटलीपर्यंत जाऊन आलेले, त्यामुळे युरोपबद्दल शेवटचा शब्द त्यांचा. आणि कांबळे सर, कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो. अक्कल त्यांची.

आता सांगली-साताऱ्यात विलायती काच आली कुठून? आमच्या भागात एक साखर कारखाना उभा राहिला तेव्हा यंत्रं युरोपातून आली, यंत्रांबरोबर गोरे इंजिनिअर आले आणि इंजिनिअरांबरोबर त्यांच्या बायकांच्या फुलदाण्या, ॲशट्रे, कपबश्या आल्या. कारखाना सुरू झाला, गोरे गेले, सामान राहिलं. काही त्यांनी वाटलं, काही विकलं, काही कसं राहिलं ते विचारू नये.

त्यातला एक इंजिनिअर चेकोस्लोव्हाकियाचा. गावोगाव त्याला 'चेकसाहेब' म्हणत. पलूसच्या बाजारात मी एका म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, चेकसाहेब आठवतो का?"

"न आठवाय काय झालं!" म्हातारा म्हणाला. "पर त्यो रोखच द्यायचा की ओ! चेक कवा दिला न्हाई!"

*

वडूजला एका न्हाव्याच्या दुकानात सुभेदारांना निळ्या, जाड काचेचा वाडगा दिसला. न्हावी त्यात दाढीचं पाणी ठेवायचा. सुभेदारांचं काळीज हललं. "बिलकुल इटालियन!"

पण खात्री करायची तर तळाचा शिक्का बघायला हवा. आणि गिऱ्हाइकानं वस्तू उलटी केली की मालक भाव तिप्पट करतो, हा आमचा नेहमीचा अनुभव. तेव्हा न्हावी पाणी ओतायला जाईल त्या वेळी डोळा ठेवायचा, असा सुभेदारांनी प्लॅन केला.

दाढी झाली. न्हाव्यानं पाणी बदललंच नाही. मग सुभेदारांनी केस कापून घेतले. तरी पाणी तेच. "असं कर, चकोटच कर गड्या!" डोकं गुळगुळीत झालं. वाडगा जागचा हलला नाही. शेवटी फौजेतली, पिळदार, रोज तूप लावलेली मिशीसुद्धा सुभेदारांनी वस्तऱ्याखाली दिली. तेव्हा कुठे न्हावी उठला, दारात जाऊन त्यानं वाडगा पालथा केला आणि सुभेदारांनी शिक्का वाचला. मेड इन इंडिया!

एस.टी.नं रहिमतपूरला पोचले. दारात बायको तांदूळ पाखडत होती. नवऱ्याचं डोकं आणि मिशी, दोन्ही गायब बघून तिच्या हातातलं सूप पडलं. "आवं, कोन गेलं वो?" म्हणून तिनं जो हंबरडा फोडला, त्यानं गल्ली गोळा झाली.

सुभेदार ओरडले, "वाडगा गेला, वाडगा!"

हा वाडगा म्हणजे इटलीतला कोण साहेब, असं शेजारचे दोघंतिघं हळहळत विचारून गेले.

*

नेमूअण्णांनी मिरजेच्या एका भंगारवाल्याकडून काचेचा मासा घेतला. वीतभर लांब, पोटात लाल-पिवळ्या रेघा, तोंड उघडं. हा मात्र अस्सल इटालियन. आता जैनाच्या घरात मासा म्हटल्यावर आम्ही त्यांना सोडतोय होय!

"अण्णा, आज मासा, उद्या रस्सा!"

त्यांच्या आईला सगळे अव्वा म्हणत. अव्वांनी मासा हातात घेतला, मी करून दिलेला चष्मा नाकावर चढवला आणि मासा फिरवून फिरवून बघितला. नेमूअण्णा घाम पुसत उभे.

"मासा शुभ असतोय रं," अव्वा म्हणाल्या. "तीर्थंकरांच्या आईच्या सपनात आला हुता. पर जोडी आली हुती. तू एकटा कसा आणलास? जा, दुसरा आण."

नेमूअण्णा मिरज, जयसिंगपूर, कोल्हापूर हिंडले. एक मासा मिळताना मारामार, तिथं त्याचा जोडीदार कुठला मिळतो? हळदीचा ऐन हंगाम, पेढीवर गाड्या उभ्या आणि मालक माशामागं! शेवटी हात हलवत परत आले.

अव्वांनी माझ्या दुकानातून एक आरसा मागवला, माशासमोर उभा केला आणि म्हणाल्या, "झाली जोडी."

"अव्वा, मी एवढी गावं हिंडलो, तवा सांगायचं की!"

"तवा तू इचारलंस कुटं?"

*

माझ्या वाट्याला एकदा डेन्मार्कची सुरई आली. नव्या फॅशनची, मुद्दाम वाकडी केलेली, तोंड एका बाजूला कललेलं. मी बायकोला समजावून सांगितलं की ही चूक नाही, ही कला आहे, तिकडं असं करायला कारागीर वर्षानुवर्षं शिकतात.

तिनं सुरई सरळ दिसावी म्हणून बुडाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. "तिकडं कुंभारांना दारूबंदी नाही वाटतं!"

ती घडी अजून आहे. घडीशिवाय सुरई आता मलाच बरी दिसत नाही.

*

सरांचं मात्र आमच्यासारखं नव्हतं. आम्ही दिसेल ते उचलायचो. सरांना एकच गोष्ट हवी होती, चेकसाहेबाचा कॉफी सेट. पांढऱ्यावर काळे-पिवळे तिरके पट्टे, पोरानं पट्टीनं मारल्यासारखे. उंच किटली आणि सहा कपबश्या. जाताना साहेबानं तो घरोघर वाटून टाकला होता आणि सर तो घरोघर जाऊन गोळा करत होते.

मी एकदा म्हटलं, "सर, एक कप काय, सहा काय, शिक्का तोच!"

"तुकडे जन्मभर बघितलेत हो," सर म्हणाले. "एकदा काहीतरी पुरं बघू दे की."

त्या दिवसापासून आम्ही तिघंही त्यांच्या सेटच्या मागं लागलो.

किटली पलूसच्या एका किराणा दुकानात सापडली. दुकानदार तिच्यातून रॉकेल ओतायचा. सरांनी सोडा, राख, कॉलेजातलं कसलंसं ॲसिड, सगळं वापरून ती महिनाभर धुतली आणि आम्हाला चहाला बोलावलं. सरांच्या बायकोनं आधीच सांगितलं, "मी घेणार नाही. मला घर सांभाळायचंय."

आम्ही प्यालो. सुभेदारांनी विडी काढली, काडेपेटी काढली, मग थांबून शिस्तीत विचारलं, "सर, इथंच पेटवू, का आधी अंगणात जाऊ?"

*

वर्षभरात चार कप जमले. राहिलेले दोन एकाच घरी होते, पलूसच्या पुढं एका वाडीत, तात्या पाटलांकडे. नेमूअण्णा दोनदा जाऊन रिकामे परत आले होते. पाटील ऐकायलाच तयार नव्हते. सरांचा सगळा जीव त्या दोन कपांत अडकलेला. शेवटी मी म्हटलं, चला, आपणच जाऊ.

माझ्या स्कूटरवरून गेलो. मी ओळख करून दिली, "हे कॉलेजातले सर." एवढंच. पाटील खूश झाले. सरांना आपल्या शेजारी बाजेवर बसवलं, ऊस, पाणी, पोरांची शिक्षणं, सगळं बोलून झालं. मग आतून चहा आला. मला स्टीलच्या पेल्यात. सरांना मात्र पाटलांनी मान म्हणून चेकसाहेबाच्या कपबशीत दिला. काळे-पिवळे पट्टे, एक टवका नाही! सरांनी तो बशीत ओतून ओतून, फुर्र करत, डोळे मिटून संपवला.

मग मी विषय काढला.

"न्हाई!" पाटील म्हणाले. "सायबानं सोताच्या हातानं दिल्याला कप हाय. येकवेळ मळा इकीन, ह्यो न्हाई इकायचा!"

"बरं, जोडीचा दुसरा?"

"त्येचा कान तुटला. बशी बी फुटली. मग त्यो भायेर टाकलाय."

बाहेर म्हणजे गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात. तिथं तो पालथा पडला होता. ज्यांना उंबऱ्याच्या आत घेत नसत अशा दलित गड्यांसाठी तो ठेवलेला. त्यांना चहा वरून ओतायचा, पिऊन झाला की त्यांनीच विसळून परत कोनाड्यात ठेवायचा. मी खाली मान घातली. असा कोनाडा मी काही पहिल्यांदा बघत नव्हतो, पण सरांच्या शेजारी उभं राहून पहिल्यांदाच बघत होतो, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सर कोनाड्यापाशी गेले आणि त्यांनी कप उचलला.

पाटील बाजेवरून उडालेच. "आवं सर, ठिवा, ठिवा त्यो! त्येला हात लावू नगासा! त्यो आपला न्हवं!"

सर रुमालानं कप पुसत होते. "असू द्या पाटील. हा आमचाच आहे."

"तुमचा? तुमचा कसा?"

"मी कांबळे."

पाटलांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. त्यांनी सरांकडं बघितलं, मग स्वतःच्या बाजेकडं, मग बाजेवरच्या त्या पट्ट्यापट्ट्यांच्या कपाकडं. मी स्कूटरची किल्ली मुठीत धरली. म्हटलं, आता इथून जितेपणी सुटलो तर पुन्हा काचेच्या बांगडीकडंसुद्धा बघणार नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दाराआडून पाटलीणबाईंचा आवाज आला, "आवं, मग त्यो बी द्या त्येंच्या संगं! आता त्यो घरात नगं मला!"

पाटील बाजेपाशी आले. मळा विकला तरी न विकायचा तो कप त्यांनी दोन बोटांत धरून सरांच्या पिशवीत सोडला. एक पैसा मागितला नाही. सरांनी कानतुटका कप त्याच्याशेजारी ठेवला, पिशवीचे बंद बांधले, खांद्याला लावली. मी स्कूटरकडं निघालोसुद्धा. बघतो तर सर अजून अंगणातच, नजर बाजेवर राहिलेल्या बशीवर.

मग त्यांनी दाराकडं तोंड करून, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जावा अशा आवाजात हाक मारली,

"वहिनी, चहा मी बशीतनं प्यालोय!"