कणकेवरून घेतलेलं माप

"मिस्त्री, सुरा माझा हाय, पण मूठ माझी न्हाई," असं म्हणून कौसल्याबाईंनी सुरा माझ्या टेबलावर आपटला.

मला राग आला. तीन दिवस घालून केलेली मूठ होती. शिसवी लाकूड, पितळेच्या पिना, वरून जवसाचं तेल. ती झाल्यावर मी शेजारच्या दोघांना मुद्दाम बोलावून दाखवली होती.

मी एका कारखान्यात टूलरूम फिटर होतो. रिटायर झालो आणि बदनापुरात घरामागच्या शेडमध्ये सुऱ्यांना, कोयत्यांना मुठी बसवायला लागलो. काम ऐकायला सोपं आहे. पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं असतं. त्याच्या दोन्ही अंगांना एकेक लाकडी फळी बसवायची. मधे इपॉक्सी, म्हणजे दोन ट्यूब मिसळून लावायचा गोंद. आरपार पिना ठोकायच्या. रात्रभर क्लॅम्पमध्ये आवळून ठेवायचं. मग फाइल, मग पॉलिश पेपर. एकदा वाळलं की ते सहजी सुटत नाही. गिऱ्हाईक खूश असेल तर हा गुण.

कौसल्याबाई घनसावंगीकडच्या. लग्नाकार्याचा स्वयंपाक धरतात. त्यांचा सुरा एका लोहाराने ट्रकच्या कमानपट्ट्यातून घडवलेला. लाल भोपळा एका घावात दोन. जुनी मूठ फुटली आणि उसन्या सुऱ्याने भाज्या चिरून त्यांच्या तळहाताला फोड आले. ऐन लग्नसराईत त्यांना यायला सवड नव्हती, म्हणून सुरा त्यांनी तिकडून बदनापूरला सवाऱ्या आणणाऱ्या जब्बारभाईच्या जीपने पाठवला.

मी फोनवर सांगितलं, "कणीक घट्ट मळा. सुरा धरता तसा गोळा मुठीत दाबा आणि तस्साच पाठवा. बोटांचे खड्डे बघून मी मूठ घडवतो."

"तेल लावून मळू का बिगर तेलाची?" त्यांनी विचारलं. माणूस धंद्याचं होतं.

दुसऱ्या दिवशी जब्बारभाईने स्टीलचा डबा आणून दिला. गोळा बघून मी हरखलो. चार बोटांचे चार खड्डे, साच्यातून काढल्यासारखे. मी कॅलिपरने एकेक खड्डा मोजला आणि तसेच्या तसे लाकडात उतरवले.

मूठ बसवून सुरा त्याच जीपने परत पाठवला, आणि आता बाई स्वतः येऊन म्हणत होत्या, मूठ माझी नाही.

"माप तुमचंच आहे बाई. कणीक खोटं बोलत नाही."

"कणीक कशाला बोलंल? तुमीच बोलून राह्यले. हे बघा."

त्यांनी उजवा हात माझ्या नाकासमोर धरला. करंगळी नव्हती. लहानपणी कडबाकुट्टीत गेली होती, मुळापासून.

"आता सांगा, हा चौथा खड्डा कुणासाठी पाडला?"

मी हाताकडे बघितलं, मुठीकडे बघितलं. बाईंनी सुरा धरून दाखवला. तिन्ही बोटं भलत्याच खड्ड्यांत पडत होती आणि सुरा हातात फिरत होता. असा सुरा भोपळ्यावर चालवला तर दुसरं बोट जायचं. आणि दोनच दिवसांनी त्यांना मोठ्या लग्नाचा स्वयंपाक करायचा होता.

जब्बारभाई बाहेर जीपला टेकून उभा होता. त्यानेच बाईंना आणलं होतं. मी हाक मारली.

"जब्बारभाई, हा सुरा धरा बरं जरा."

त्याने धरला. चारही बोटं खड्ड्यांत अशी जाऊन बसली, जशी काही माहेरी आली.

"वा मिस्त्री! बिलकुल बराबर! जसं काय माझ्यासाठीच..."

तो थांबला. बाई त्याच्याकडे बघत होत्या. त्याने सुरा हळूच खाली ठेवला.

"मावशी, डब्याचं झाकण ढिलं होतं. मागच्या सीटवर एकाचं करडू होतं. त्यानं समदी कणीक खाल्ली. मंग म्या ढाब्यावरून गोळा घेतला अन् दाबला. म्हटलं, मूठ ती मूठ. समद्यांची सारखीच असंल."

"मला सांगायचं तरी!" मी ओरडलो.

"तुमी कुठं इचारलं?"

खरं होतं. आमच्या कामात नियम आहे : गोंद लावण्याआधी फळ्या कच्च्या पिनांवर अडकवायच्या आणि गिऱ्हाइकाच्या हातात देऊन बघायच्या. कारखान्यात ज्या पोरांनी ट्रायल न घेता जॉब पुढे ढकलला, त्यांना मी जन्मभर शिव्या घातल्या. इथे मात्र मी कणकेच्या प्रेमात पडलो.

ती मूठ काढणं म्हणजे शिक्षा होती. गरम केल्याशिवाय इपॉक्सी सुटत नाही, आणि पातं तापलं तर पोलादाला दिलेलं पाणी उतरतं, धार टिकत नाही. पात्याला ओलं फडकं गुंडाळलं. पिना ड्रिलने काढल्या. मूठ जपून शेकली. एक फळी कशीबशी निघाली, दुसरी कडाडून फुटली. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय फुटलं?" मी तुकडे पायाने टेबलाखाली सारले.

शिसवी लाकूड संपलं होतं. बाभळीचा जुना, वाळलेला तुकडा घेतला. या वेळी बाईंना समोर स्टुलावर बसवलं. फाइलचे चार हात मारायचे, कच्च्या पिनांवर अडकवायचं, त्यांच्या हातात द्यायचं.

"इथं टोचतं."

"आता?"

"आता कमी टोचतं."

करंगळी नसल्याने सुरा मागून उचलला जात होता. म्हणून मुठीच्या टोकाला खाली एक जाड गाठ ठेवली. ती तळहाताच्या कडेला अडकली आणि सुरा फिरायचा थांबला. बाईंनी माझ्याच घरातला भोपळा मागवला आणि बसल्या जागी दोन केला. मग तीन किलो कांदा चिरला. माझ्या बायकोला वाटलं, नुसती ट्रायल आहे. ती ट्रायल संध्याकाळच्या भाजीपर्यंत चालली. गोंद वाळेस्तोवर बाई आमच्याकडेच मुक्कामाला राहिल्या आणि आमच्या मसाल्याच्या डब्याला नावं ठेवत रात्रीचा स्वयंपाक त्यांनीच केला. मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. त्याबद्दल मला नंतर ऐकावं लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फायनल पेपर मारून सुरा दिला. लग्न पार पडल्यावर फोन आला.

"मिस्त्री, झकास हाय. एक बी फोड न्हाई. अन् दुसऱ्या कुणाच्याच हातात बसत न्हाई, म्हून कुणी मागतबी न्हाई."

आता मी कणकेवरून माप घेत नाही. माणूस यायलाच लागतो. अगदीच अडलं आणि फोनवर ऑर्डर घ्यावी लागली, तर पहिला प्रश्न हाच विचारतो : "हाताला बोटं किती?" काही जण फोन ठेवून देतात. ठेवू देत, लाकूड वाचतं.