बाद झालेल्यांकडे बघणारा शांताराम

शांताराम गेल्याचं मला माझ्या मुलाकडून कळलं. त्याच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, फोन केला तो निलेशला, मला नाही. निलेश तेव्हा महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरीचा टेम्पो घेऊन आंबेनळी उतरत होता. घाटातच गाडी बाजूला लावून त्यानं मला पोलादपूरला फोन केला. "बाबा, नाना गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत." मी "बरं" म्हणालो. कॉलेजपासूनच्या मित्राच्या मरणावर माझ्या तोंडून एवढंच निघालं... त्याची लाज अजून जात नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

आम्ही दोघं महाडच्या कॉलेजात एकाच कबड्डी संघात होतो. तो कोपऱ्यात पकडी करायचा, मी चढाईला जायचो. पुढे मी मास्तर झालो, तो एमआयडीसीत केमिकलच्या कंपनीत ऑपरेटर. माझी कबड्डी सुटली, त्याची सुटली नाही. दर हिवाळ्यात जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या स्पर्धा संपल्या की तो जुन्या कॅलेंडरच्या पानामागे मार्करनं यादी लिहायचा आणि चवदार तळ्याजवळच्या चहाच्या दुकानात टांगायचा. डावीकडे कॉलेजांचे संघ, पहिल्यापासून दहाव्यापर्यंत. उजवीकडे खेळाडूंची नावं आणि प्रत्येकापुढे तीनपैकी एक शब्द: लीग, खातं किंवा घरी. लीग म्हणजे टीव्हीवर दिसणारी व्यावसायिक कबड्डी. खातं म्हणजे खेळाडूंच्या कोट्यातून पोलीस नाहीतर रेल्वे. घरी म्हणजे घरी. यादी लागली की पार रोहा-पेणची पोरं मोटरसायकली काढून बघायला यायची, आणि 'घरी' लागलेला पोरगा चहा न पिताच निघून जायचा. मी त्याला खडूस म्हणायचो. पहिल्या नंबरच्या संघातले पाचजण तो खुशाल घरी पाठवायचा आणि सातव्या नंबरच्या कुठल्याशा कॉलेजातला एकटाच लीगमध्ये. "संघ मोठा म्हणून पोरगा मोठा होत नाय रे," म्हणायचा. आणि त्याचे अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघायचे, हेही खरं.

त्याची बघायची रीतच वेगळी होती. मैदानावर तो कंपनीतला रिकामा निळा प्लॅस्टिकचा कॅन न्यायचा, तो उपडा घालायचा आणि त्यावर बसायचा. खुर्ची दिली तरी नको. आणि बसायचा तोही मध्यरेषेजवळ नाही, तर मागे, जिथे बाद झालेले खेळाडू रांगेत बसतात तिथे. आपल्या संघानं समोरचा गडी बाद केला की यांच्यातला पहिला आत जातो, तोवर नुसतं बसायचं. शांताराम खेळणाऱ्यांपेक्षा या बसलेल्यांकडेच जास्त बघायचा. "खेळताना सगळेच वाघ. बाद झाल्यावर कोण मान खाली घालतो नि कोण डोळे आत, खेळावर ठेवून बसतो, तेवढंच मी बघतो. बाकी काय मला कळत नाय."

निलेश महाडच्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होता तेव्हा त्या यादीत महाडचा संघ तिसरा होता, पण खेळाडूंमध्ये सगळ्यात वर निलेशचं नाव होतं आणि पुढे ठळक लिहिलं होतं: लीग. शांतारामच्याच कंपनीत त्याला चिकटवायचं माझं जवळजवळ ठरलं होतं. पोरानं नाही म्हटलं. दोन वर्षं तो निवड चाचण्यांच्या मागे लागला. पहिल्या वेळी परत पाठवला, दुसऱ्या वेळी गुडघा गेला. तोवर कंपनीतली जागाही भरली होती. मी तडक महाड गाठलं आणि त्या चहाच्या दुकानात चारचौघांत शांतारामला म्हणालो, "तुझ्या कागदानं माझ्या पोराची माती केली." त्यानं कप खाली ठेवला. "चुकलं रे माझं. पोरगा आपला म्हणून नजर फिरली." मग उठून त्यानं भिंतीवरचं त्या वर्षीचं पान काढलं, घडी करून खिशात घातलं. त्यानंतर त्यानं यादी लावली नाही. सहा वर्षं आम्ही बाजारात समोरासमोर आलो की भाताचं, पावसाचं बोलायचो आणि आपापल्या वाटेनं जायचो.

तेराव्याला गेलो तेव्हा वहिनी निलेशशी घरच्यासारख्या बोलत होत्या. माल उतरवून परतताना तो नेहमी नानाकडे थांबायचा, दोघं मिळून टीव्हीवर सामने बघायचे, हे मला तिथे कळलं. निघताना वहिनींनी तो निळा कॅन आणून त्याच्या हातात दिला. "घेऊन जा रे. हितं कोण बसनार हाय त्यावर?"

टेम्पोत मी विचारलं, "तुझा राग नाही त्याच्यावर?"

"कसला राग, बाबा?" त्यानं रस्त्यावरची नजर काढली नाही. "मला पहिल्या नंबरावर धरणारा तेवढा एकच माणूस होता. तुम्ही तर मॅचला यायचात ते चुका सांगायला."

शांताराम सहा वर्षं रेषेमागे बसून राहिला होता, डोळे आत ठेवून. त्याला आत बोलावणं माझ्या हातात होतं आणि मी त्याच्याशी भातावर बोलत राहिलो.

कॅन आता आमच्या ओटीवर आहे. निलेश टेम्पो लावून आला की त्यावरच बसून बूट काढतो. मला अजून त्यावर बसवत नाही.