विल्फ्रेडने धरलेला स्वर

माझगावच्या आमच्या इमारतीत विल्फ्रेडइतका हट्टी माणूस दुसरा नाही. चाळीस वर्षं गोदीत फिटर आणि दर रविवारी चर्चमध्ये गिटार. एकुलत्या एका मुलीच्या, ओलिव्हियाच्या लग्नात आपणच इलेक्ट्रिक गिटारवर स्तोत्र वाजवणार, हे तो ती शाळेत असल्यापासून सगळ्यांना ऐकवत आलाय. आणि गेल्या वर्षी नेमका त्याचा उजवा हात थरथरायला लागला. तार छेडायची पिक बोटांत ठरेना.

मग ओलिव्हियाने ई-बो आणून दिला. साबणाच्या वडीएवढं यंत्र, आत बॅटरी. तार छेडायचीच नाही. यंत्र वर धरलं की तार आपोआप कंप पावते आणि धराल तोवर स्वर लांबत राहतो. "ही तर शुद्ध लबाडी," मी म्हणालो. विल्फ्रेड दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

लग्नाला आठवडा उरला तरी त्याच्या गिटारमधून नुसती खरखर. त्याच्या बायकोने, ॲन्टोनेटने, गुपचूप कीबोर्डवाला ठरवला. एका संध्याकाळी गिटार मांडीवर घेऊन तो मला म्हणाला, "संपलं रे, माधव." माझ्या त्या टोमण्याची मला लाज वाटली.

ओलिव्हिया शेजारीच बसली होती. तिने त्याचा हात निरखला.

"डॅडी, ड्रिल मशीन धरल्यासारखं काय दाबतोस? लूज सोड ना जरा!"

गोदीत हत्यार सैल धरलं की बोट गेलंच, हे त्याच्या अंगात मुरलेलं. त्यात हात थरथरतो म्हणून तो आणखी आवळायचा आणि तार दबून जायची. खरं तर यंत्राच्या खालच्या खाचा शेजारच्या दोन तारांवर नुसत्या टेकवायच्या असतात. त्याने मूठ सैल केली. स्वर आला, आणि स्थिर राहिला. ॲन्टोनेट आतून धावत आली आणि उभ्या उभ्याच तिने कीबोर्डवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. माझ्या छातीवरचं तर मणाचं ओझं उतरलं.

लग्नात स्तोत्राचा शेवटचा स्वर त्याने धरला तो धरलाच. फादर थांबले. नवरा-नवरी दाराकडे वळून तशीच उभी. शेवटी पहिल्या बाकावरून ॲन्टोनेट डोळे पुसत हळूच म्हणाली, "विली, सोड आता. जाऊ दे तिला."

तेव्हा कुठे त्याने हात उचलला.