पोट बिघडलेली कुत्री आणि त्यांची माणसं

कुत्र्याचं पोट बिघडलं की माणसं घाबरतात, आणि घाबरलेली माणसं भडाभडा बोलतात. त्यामुळे आमच्याकडे किस्से आपोआप साठतात! मी मूळची सांगलीची, बारा वर्षं बेंगळुरूत जे. पी. नगरला कुत्र्यामांजरांचा दवाखाना चालवते. "डॉक्टर मराठी आहेत" एवढ्यावर लोक एचएसआरसारख्या लांबच्या भागातून ट्रॅफिक तुडवत येतात. अर्धा वेळ कुत्र्याबद्दल बोलतात, अर्धा वेळ गावाबद्दल.

*

नागपूरचा सौरभ, आयटीवाला. त्याचं कुत्रं उलट्या-जुलाबांनी पार गळून गेलेलं.

"काय खाल्लं यानं?"

"फक्त डॉग फूड!"

तपासणीत जंतुसंसर्ग निघाला. पुन्हा खोदून विचारलं, तेव्हा म्हणाला, "आईनं पुरणपोळ्या पाठवल्या होत्या. कुरिअर पाच दिवसांनी पोचलं. वास येत होता, पण टाकवेनात हो. अर्ध्या यानं खाल्ल्या, अर्ध्या मी."

"मग तुमचं पोट?"

"तेही गेलंय. पण माझे डॉक्टर वेगळे आहेत ना!"

*

माझी असिस्टंट गिरिजाक्का अस्सल कन्नडिगा. एकदा फ्रिजमध्ये डबा दिसला, वर मराठीत चिठ्ठी, "घरचं श्रीखंड". बेंगळुरूत घरचं श्रीखंड! मी चमचा घेऊन धावले.

"डॉक्टर, बेडा, बेडा! नको!" अक्का ओरडली. "वो सॅम्पल है!"

कुणीतरी कुत्र्याची शी तपासायला आणून दिली होती. डबा तेवढा घरचा होता.

*

बेळगावकडचे अण्णा देसाई, वय पंचाहत्तर. त्यांचा मोत्या सलाईन लावून निपचित पडलेला. अक्कानं कन्नडमधून हाका मारल्या, अण्णांच्या मुलानं इंग्रजीतून. ढिम्म! मी नुसतं म्हटलं, "ऊठ रे सोन्या." लगेच कान टवकारले!

अण्णा हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "ही गेल्यापासून घरात मराठी बोलणारे आम्ही दोघंच!"

*

आणि बसवनगुडीच्या कुलकर्णी काकू. मुलगी ऋचा आईशी भांडून जर्मनीला गेली, तिचा कुत्रा ब्रूनो मागे राहिला. वर्षभर मायलेकींचं बोलणं बंद. मग ब्रूनोला पोटाचं जबरदस्त इन्फेक्शन झालं. रक्त पडायला लागलं, तेव्हा काकूंनीच न राहवून फोन लावला. तेव्हापासून ऋचाचा रोज तीनदा व्हिडिओ कॉल. "औषध दिलंस? भात खाल्ला? आणि तू जेवलीस का गं?"

दहा दिवसांत ब्रूनो ठणठणीत. मी म्हटलं, "काकू, आता औषध बंद. ऋचाला कळवा."

काकू पदराशी चाळा करत राहिल्या. "डॉक्टर, तिचा फोन आला तर सांगाल का, की अजून थोडे दिवस जपायला हवं?"

मी ब्रूनोची फाईल मिटून ठेवली.

दुसऱ्या दिवशी खरंच ऋचाचा फोन. काय सांगावं म्हणून मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात तीच म्हणाली, "डॉक्टर, ब्रूनो बरा झालाय, हो ना? कॉलवर दिसतो मला उड्या मारताना. पण प्लीज, आईला इतक्यात सांगू नका!"