नागुबाईनं अंगठा दिला नव्हता

बेळगुंदीच्या नागुबाईचा नवरा नागोजी लोंढ्याच्या स्टेशनात हमाली करायचा. मालगाडीतून कापडाचे गठ्ठे चोरीला गेले, तेव्हा पोलिसांनी उचललेल्या हमालांत तोही होता. बाकीचे मार खाऊन घरी आले. नागोजीचं प्रेत आलं. भीतीपोटी त्यानं चौकीमागच्या विहिरीत उडी घेतली, असं फौजदारानं सांगितलं. अखेरची अंघोळ घालताना त्याच्या पाठीवरचे वळ नागुबाईनं बघितले आणि तिचं रडू तिथंच थांबलं.

दिवसकार्य व्हायच्या आधीच पाटील मारुतीराव कागद घेऊन दारात आले. आमची काही तक्रार नाही, एवढंच त्यात लिहिलेलं; खाली तिचा अंगठा हवा होता. पाटलांनी समजावलं, दटावलं, वाळीत टाकायची भाषा केली. नागुबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले ते पाटील उठून जाईपर्यंत बाहेर काढले नाहीत.

सरकारनं चौकशी केली, पण त्या चौकशीचे कागद गुप्त ठरवून बंद करून ठेवले. मागायचे कुणाकडं? शहापुरातले चिंतामणी वकील इंग्रज सरकारच्या मुंबई कायदे कौन्सिलात निवडून गेले होते. सरकारशी जपून राहणारा माणूस. नागुबाई दर बाजारच्या दिवशी त्यांच्या पायरीवर जाऊन बसायला लागली. येणारे-जाणारे अशील विचारायचे आणि ती प्रत्येकाला सगळी हकीकत सांगायची. शेवटी वकिलांनीच तिला आत बोलावलं. कागद खुले करा असा ठराव मांडता येईल, पण सरकारनं नेमलेले सभासद तो पाडतील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"पाडू द्यात की," नागुबाई म्हणाली. "कुणी कुणी पाडला ते तर कळंल."

पावसाळ्यात कौन्सिल पुण्याला भरायचं. नागुबाई हट्टानं वकिलांबरोबर गेली. प्रेक्षकांच्या सज्जात वकिलांची लेक विद्युल्लता तिच्याशेजारी बसली. खाली चाललेलं इंग्रजी ती हळू आवाजात मराठीत सांगत होती. सरकारच्या बाजूचे साहेब बोलायला उठले आणि जरा वेळानं विद्युल्लता गप्प झाली. काय म्हणतोय, म्हणून नागुबाईनं तिला कोपरानं ढोसलं. मयताच्या बायकोची काही तक्रार नाही, तिच्या अंगठ्याचा कागद सरकारकडं आहे, असं ते म्हणत होते.

नागुबाई उठून उभी राहिली. उभ्या जन्मात तिनं नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं.

"नागोजीची बायको मी हाय," ती वरून म्हणाली. "ह्यो माझा अंगठा. मी कुठल्याबी कागदावर दिलेला न्हाय. ज्याचा आसंल त्याला हुडका."

खालच्या सगळ्या पगड्या आणि टोप्या वर वळल्या. शिपायांनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. ती ओढाताण न करता, ताठ चालत गेली. त्यामुळं पुढचं मतदान काही तिला बघायला मिळालं नाही. मतं मोजण्यासाठी ठरावाच्या बाजूचे एका दारानं आणि विरोधातले दुसऱ्या दारानं बाहेर पडले. सरकारनं नेमलेल्यांपैकी एक म्हातारे इनामदार मात्र जागचे हलले नाहीत. तो अंगठ्याचा कागद आधी दाखवा, मग मत मागा, असं त्यांनी बजावलं होतं. नेमलेल्यांपैकीच आणखी दोघे त्यांच्याशेजारी बसून राहिले. ठराव जेमतेम पास झाला.

भिंतीच्या आडोशाला भिजत उभ्या असलेल्या नागुबाईला वकिलांनी येऊन ते सांगितलं, आणि हेही सांगितलं, की ठराव पाळायला सरकार बांधलेलं नाही.

"मग परत मांडा," ती म्हणाली.

तशी वेळ आली नाही. दिवाळीनंतर वकिलांकडं चौकशीचे कागद आले. बरगड्या पाण्यात पडायच्या आधीच मोडल्या होत्या, असं डॉक्टरनं पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं. अंगठ्याच्या कागदावर साक्षीदाराच्या जागी मारुतीरावांची सही होती. फौजदारावर खटला झाला नाही. तो पेन्शनीत निघून गेला. नागुबाईच्या मनात ते कायमचं सलत राहिलं.

पण ते कागद तिनं घरात ठेवून घेतले नाहीत. देवळासमोर भर दुपारी तिनं गाव गोळा केला आणि चिंतामणी वकिलांना सगळे मोठ्यानं वाचायला लावले. मारुतीराव पुढंच बसले होते. त्यांची सही आली तसे ते धोतर सावरत उठले.

"बसा पाटील," नागुबाई म्हणाली. "आजून वाचायचं हाय."

गाव त्यांच्याकडं बघत होता. मारुतीराव खाली बसले.